व्होल्टेज उतरले की मोटार का जळते?

सभासद बंधूंनो, रात्रीची लाईट आली, स्टार्टरचे बटण दाबले आणि मोटार नुसतीच घुमली, हा अनुभव नसलेला बागायतदार सणसवाडी-शिक्रापूर पट्ट्यात विरळाच. मग मोटार रिवाइंडिंगला आणि ऊस तहानलेला. वायरमन म्हणतो, "व्होल्टेज नव्हतं." पण व्होल्टेज कमी म्हणजे वीज कमी, मग कमी विजेने मोटार जळावी कशी? हिशेब मांडला की उलगडा होतो, आणि तो काट्यावरच्या पावतीपेक्षा अवघड नाही.

विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये. दाबाला प्रवाहाने भागले की तारेचा रोध ओहममध्ये निघतो. हा नियम ओहम नावाच्या जर्मन मास्तराने १८२७ साली मांडला. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे वॅट.

पाणी तापवायची हजार वॅटची कांडी घ्या. २३० व्होल्टवर ती ४.३५ अँपिअर घेते. म्हणजे रोध सुमारे ५३ ओहम. दाब १८० वर आला तर प्रवाह ३.४ वर येतो आणि ताकद ६१० वॅटच्या आसपास. पाणी उशिरा तापेल, एवढेच. कांडीला काही होत नाही.

मोटारीचे मात्र उलटे! विहिरीतले पाणी तेवढेच उंच चढवायचे असते, म्हणून ती आपले वॅट सोडत नाही. पाच हॉर्सपॉवरची मोटार ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर घेते. थ्री फेजमध्ये १.७३२ ने आणि पॉवर फॅक्टरने (०.८५ धरू) गुणायचे, सुमारे ४,५८० वॅट येतात. आता दाब ३५० वर उतरला. तेवढेच वॅट ओढायला प्रवाह ८.९ अँपिअर लागतो. वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे जवळजवळ ४० टक्के जास्त. इन्सुलेशन यानेच करपते. त्यात कोणी किटकॅटमध्ये जाड तार घातलेली असली तर बघायलाच नको.

(मल्टिमीटरने वाइंडिंग मोजून पाच-सात ओहमच निघाले म्हणून काही मंडळी घाबरतात. मोटार फिरताना आतून उलटा दाब तयार होतो, तोच प्रवाह आवरतो. म्हणूनच अडकलेली मोटार पाच-सहापट प्रवाह ओढते.)

काही व्होल्ट तर आपल्याच केबलमध्ये जातात. खांबापासून विहीर २०० मीटर आणि चार चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल असेल, तर एका तारेचा रोध सुमारे १.४ ओहम. साडेसात अँपिअरला तीन तारांत मिळून २३६ वॅट नुसते तापण्यात जातात आणि मोटारीपाशी १५-१६ व्होल्ट कमी पोचतात. दहा चौरस मिलिमीटरची घातली तर ९५ वॅटच जातात. शासनाने २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केली, पण रिवाइंडिंग काही मोफत नाही.

तेव्हा स्टार्टरवरचा व्होल्टमीटर मोटार चालू असताना वाचावा, आधी नव्हे. ३५० च्या खाली काटा दिसला तर मोटार बंद करावी. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरलाच लावून घ्यावा. वारंवार ट्रिप होतो म्हणून वायरमनला तो वाढवायला सांगू नये. आणि ऑटो स्विच काढावा, कारण लाईट येताच साऱ्या डीपीवरच्या मोटारी एकदम उठल्या की दाब पडतो तो सगळ्यांचाच.