मोठी फोर-व्हील-ड्राइव्ह आरसी बग्गी घेताय? आधी हे बघा

🔹 आकार: १/८ स्केलची बग्गी साधारण अर्धा मीटर लांब असते. १/५ ची पाऊण मीटरहून मोठी आणि दहा किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जड. हिला मोकळं मैदानच हवं, सोसायटीचं पार्किंग नव्हे.

🔹 पेट्रोल की बॅटरी: १/५ मध्ये पेट्रोलवरचं टू-स्ट्रोक इंजिनही मिळतं. टाकी भरली की पुन्हा तयार. पण आवाज मोठा आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं सक्तीचं. इलेक्ट्रिकमध्ये ६एस लायपो, म्हणजे सहा सेलची बॅटरी, २२.२ व्होल्ट. ताकद भरपूर, पण चार्जिंगवर नजर ठेवा आणि पॅक ठेवून देताना दर सेलला ३.८ व्होल्ट राखा.

🔹 अपग्रेडचा क्रम:
१. स्टिअरिंग सर्व्हो. जड टायर वळवायला मेटल गिअरचा, जास्त टॉर्कवालाच घ्या.
२. डिफ (डिफरन्शियल) ऑइल. मधल्या डिफमध्ये घट्ट सिलिकॉन ऑइल भरलं, की थ्रॉटल दाबताच पुढची हलकी झालेली चाकं नुसती गरगरत नाहीत, मागच्यांनाही जोर मिळतो.
३. पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर. दाते वाढवले की वेग वाढतो, पण मोटर आणि ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) तापतात. एकेक दात वाढवा, दरवेळी तापमान तपासा.

❌ सगळीकडे ॲल्युमिनियम नको. नायलॉनचा सस्पेन्शन आर्म लवतो आणि सरळ होतो. ॲल्युमिनियमचा वाकला की वाकलाच, नाहीतर धक्का थेट चॅसिसला.

आणि हो, सुटे भाग सहज मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. तुमची गाडी कोणती?