नाव कुणाचं घालू, आत्या?

भाचीचा फोन रात्री साडेदहाला आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही, त्यामुळे पोटात गोळाच आला. त्यात पहिलाच प्रश्न, "आत्या, तू एकटीच आहेस ना?"

ती पुण्यात वस्तूंची डिझाइनं करते. मिक्सरची झाकणं, पाण्याच्या बाटल्या, लहान मुलांच्या खुर्च्या. मैत्रिणीचा बाळंतपणानंतरचा त्रास ऐकून तिने स्वतःच्या डोक्याने एक छोटं उपकरण तयार केलं होतं. बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की ज्यांना दुखण्याचीच धास्ती वाटते, अशा बायकांसाठी. नेमकं काय ते इथे लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, पेटंटचा अर्ज अजून जाहीर व्हायचा आहे म्हणून!

"सेक्स टॉयच म्हणतात गं त्याला," ती एका दमात बोलून गेली. परदेशातल्या एका कंपनीने सगळी ड्रॉइंग ईमेलने मागवली होती. ती सकाळी पाठवणार होती.

मी बारा वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात पेटंटचे कागद सांभाळले, म्हणून तिला आत्या आठवली. मी म्हटलं, "थांब. एकही चित्र पाठवू नकोस."

मैत्रिणींनो, विषय वाचून पान उलटू नका. उद्या तुमच्या मुलीने भाकरीचं यंत्र शोधलं तरी हाच रस्ता आहे.

शेत आपण विकतो किंवा खंडाने देतो. विकलं की संपलं. खंडाने दिलं तर सातबारा आपल्या नावावर राहतो, कसणारा कसतो आणि आपल्याला ठरलेला खंड मिळतो. पेटंट हा शोधाचा सातबारा समजा, आणि लायसन्स म्हणजे खंडाचा करार. त्या खंडाला रॉयल्टी म्हणतात. फरक एवढाच, की हा सातबारा अर्जाच्या तारखेपासून २० वर्षंच चालतो.

रॉयल्टीत एक मेख असते. टक्का कशावर? समजा वस्तू दुकानात २००० रुपयांना विकली जाते, पण कारखानदार ती घाऊक १००० ला देतो. पाच टक्के ठरले असतील तर दुकानातल्या दरावर १०० रुपये, घाऊक दरावर ५०. करारात एक शब्द इकडचा तिकडे झाला की निम्मे पैसे गेले. शिवाय माल खपो न खपो, वर्षाला किमान किती रक्कम मिळणार, कोणकोणत्या देशांत विकणार, कंपनीचे हिशेब आपल्याला तपासता येतील का, हेही लिहून घ्यायचं. आपल्या कायद्याप्रमाणे पेटंटचं लायसन्स लेखीच लागतं. तोंडी शब्दाला किंमत नाही.

भाचीच्या वस्तूला मात्र आणखी एक अडचण होती. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात ३(ब) नावाचं कलम आहे. नीतिमत्तेला बाधक ठरेल अशा शोधाला पेटंट देता येत नाही. कॅनडातल्या स्टँडर्ड इनोव्हेशन या कंपनीला याचा अनुभव आला. ब्रूस आणि मेलडी मुरिसन या नवराबायकोने जोडप्याने एकत्र वापरायचं 'वी-व्हाइब' हे उपकरण २००८ मध्ये बाजारात आणलं. अमेरिकेत त्याला पेटंट मिळालं. भारतात २०१८ मध्ये याच कलमावर बोट ठेवून अर्ज फेटाळला गेला.

हे भाचीला सांगताना माझ्याच लक्षात आलं. पेटंट नाकारलं म्हणून वस्तू कुठे थांबते? तशी उपकरणं 'बॉडी मसाजर' या नावाने विकली जातातच. नाकारल्याने जातो तो शोधणाऱ्याचा हक्क. नक्कल करणाऱ्याला मोकळं रान, आणि जिने डोकं चालवलं तिच्या हाती काही नाही.

मसाजरचीही गंमत ऐका. परदेशातून आलेले बॉडी मसाजर कस्टमने जप्त केले, का तर त्यांचा वापर सेक्स टॉय म्हणून होऊ शकतो. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ही निव्वळ अधिकाऱ्याची कल्पनाशक्ती आहे, अशा अर्थाचं बोलून न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कस्टमचं अपील फेटाळलं.

आणि तिकडेही सगळं आलबेल आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या लोरा हॅडॉक या बाईंच्या कंपनीने ओरेगन राज्याच्या विद्यापीठाच्या मदतीने बायकांसाठी असंच एक उपकरण बनवलं. लास व्हेगासला भरणाऱ्या सीईएस या मोठ्या तंत्रज्ञान प्रदर्शनात २०१९ साठी त्याला रोबोटिक्स विभागातला पुरस्कार जाहीर झाला आणि अश्लील ठरवून काढूनही घेतला. बाईंनी जाहीरपणे जाब विचारला. बोभाटा झाला, आणि त्या वर्षी मे महिन्यात पुरस्कार परत द्यावा लागला. पुढे २०२२ मध्ये कंपनी बंद पडली, पण नाव पुसलं गेलं नाही.

"मग मी काय करू? भारतात अर्ज करून उपयोग काय?" भाची रडवेली झाली.

उपयोग आहे. भारतात राहणाऱ्या माणसाला परवानगीशिवाय थेट परदेशात अर्ज करता येत नाही. आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर परवानगी काढायची. पूर्ण तपशील तयार नसेल तर प्राथमिक अर्ज चालतो. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये आहे. पूर्ण तपशील १२ महिन्यांच्या आत द्यायचा आणि त्याच मुदतीत परदेशात अर्ज करायचे. तिकडे आपली इथलीच तारीख धरतात. म्हणजे इथे पुढे नकार आला, तरी तारखेचा फायदा बुडत नाही. २०१९ पासून स्त्री अर्जदाराला लवकर तपासणी मागायचीही सोय झाली आहे. अर्ज दाखल झाला, की कंपनीकडून गुप्ततेच्या करारावर सही घ्यायची. मग चित्रं दाखवायची. अंगाशी येणाऱ्या या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी २०२१ मध्ये ISO ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं आहे. माल त्याप्रमाणेच बनेल, असंही करारात घालून घे म्हटलं. वस्तू बाईच्या शरीराशी लागणार, तिथे स्वस्त प्लास्टिक नको.

सगळं लिहून घेतल्यावर ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आत्या, नाव दादाचं घालू का? अर्ज १८ महिन्यांनी जाहीर होतो म्हणतेस. नाव-पत्त्यासकट. गावात बाबांना लोक काय म्हणतील?"

मला ऑफिसातल्या एक बाई आठवल्या. पापडाच्या यंत्राची कल्पना त्यांची, कागदावर नाव नवऱ्याचं. "घरातच आहे की," असं तेव्हा म्हणाल्या होत्या. पुढे दोघांचं फाटलं. रॉयल्टीचा चेक त्याच्या खात्यात जात राहिला, आणि त्या आमच्या बाकावर येऊन बसायच्या. त्यांना पाणी देण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. ते यंत्र तर पापडाचं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, तरी नाव गेलंच.

मी भाचीला सांगितलं, खरा शोधकर्ता जो असेल त्याचंच नाव द्यावं लागतं. खोटं नाव घातलंस तर पुढे पेटंटच अडचणीत येईल. हे झालं कायद्याचं. आत्या म्हणून विचारशील तर, बाबांना गावातून कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे.

तिने स्वतःच्या नावाने अर्ज केला आणि रविवारी घरी जाऊन सांगितलं. माझा भाऊ बँकेतून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. दोन दिवस कुणाशी बोलला नाही. वहिनी मला फोनवर हळू आवाजात बातम्या देत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. घसा खाकरून म्हणाला, "काय गं, ती रॉयल्टी घाऊक दरावर म्हणते आहे पोरगी. दुकानातल्या दरावर का नाही मागितली?"