मनगटावरील नव्या यंत्राची किंमत

नवी वस्तू बाजारात येण्यापूर्वीच तिच्या किमतीविषयी तर्क लढवणे हा आजकाल व्यापाऱ्यांचाच नव्हे, तर विद्यार्थ्यांचाही आवडता उद्योग झाला आहे. गेल्या वर्षी सहामाही परीक्षा आटोपल्यावर आमच्या दहावीच्या वर्गातही असाच प्रसंग घडला. हृदयाचे ठोके मोजणारे, झोपेचा हिशेब ठेवणारे आणि चाललेली पावले सांगणारे एक नवे स्मार्टवॉच लवकरच येणार अशी वार्ता होती. रूप, रंग, गुण सारे जाहीर झाले होते. किंमत तेवढी गुलदस्त्यात होती. वर्गातील एका मैत्रिणीच्या आजींना अधूनमधून छातीत धडधडण्याचा त्रास होतो. ते घड्याळ आजींच्या मनगटावर बांधावे असा तिच्या घरचा विचार होता. तिचे वडील भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला आहेत. तेव्हा किंमत काय निघेल हा प्रश्न तिच्यापुरता तरी करमणुकीचा नव्हता. गणिताच्या गुरुजींनी आम्हां सर्वांकडून चिठ्ठ्यांवर एकेक आकडा लिहून घेतला आणि पाकीट कपाटात ठेवून दिले.

आम्ही बहुतेकांनी एकाच वाटेने विचार केला. वस्तूत काय काय आहे ते पाहावे, त्याचा खर्च काढावा, त्यावर थोडा नफा चढवावा, की झाली किंमत! आमच्या जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे, आणि तांब्याविना विजेचे कोणतेही यंत्र चालत नाही. घड्याळात ५ ग्रॅम तांबे आहे असे मानले आणि किलोला हजार रुपये भाव धरला, तर ते तांबे अवघ्या पाच रुपयांचे! काच, पट्टा, बॅटरी, एक इवलीशी चकती, सारे मिळून काय ते हजारभर रुपये, असा आमचा अदमास होता.

गुरुजींनी त्यावर एक उदाहरण घातले. छापील किंमत २,००० रुपये असेल तर तीत १८ टक्के वस्तू व सेवा कर आधीच मिसळलेला असतो. पुष्कळांनी घाईने ३६० रुपये उत्तर दिले. ते चूक होय. मूळ किंमत १०० धरली तर करासह ती ११८ होते. म्हणून २,००० रुपयांतील कर सुमारे ३०५ रुपये, आणि उरतात १,६९५. त्यांतून दुकानदार, घाऊक व्यापारी, वाहतूक, जाहिरात आणि मुदतीच्या आत बिघडलेली घड्याळे बदलून देण्याचा खर्च जावयाचा. (श्रवणयंत्रावर मात्र हा कर मुळीच नाही, हे आम्हांस याच निमित्ताने कळले. कानाला लावायचे यंत्र करमुक्त आणि मनगटाला बांधायचे करपात्र, यावर वर्गात बराच वाद झाला.)

तथापि, खर्चावरून किंमत काढण्याची ही रीत मुळातच किती लंगडी आहे, हे जगातील दोन-तीन उदाहरणांवरून दिसून येईल. गूगल कंपनीने २०१३ साली डोळ्यांवर घालण्याचे ‘गूगल ग्लास’ नावाचे यंत्र निवडक लोकांना १,५०० डॉलरना विकले. २०१४ मध्ये आयएचएस या संस्थेने ते यंत्र उघडून आतील भाग व जोडणी यांचा खर्च सुमारे १५२ डॉलर असल्याचा अंदाज केला, म्हणजे किमतीच्या जेमतेम दहावा हिस्सा! परंतु त्या यंत्रामागील वर्षानुवर्षांचे संशोधन उघडलेल्या डबीत दिसत नाही. यंत्रे थोडी विकली गेली तर तो सारा बोजा थोडक्याच डोक्यांवर पडतो. आणि हे यंत्र तर थोडेच विकले गेले; जानेवारी २०१५ मध्ये त्याची ती विक्री बंदच झाली.

ॲपलच्या घड्याळाची कथा याहून मौजेची आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने ते दाखवले आणि किंमत ३४९ डॉलरपासून सुरू होईल एवढेच सांगितले. सोन्याच्या घड्याळाचा आकडा गुप्त राहिला. मग तर्कांना ऊत आला. कोणी हजार-बाराशे डॉलर म्हणे, कोणी पाच हजार, कोणी दहा हजार. ज्यांनी सोन्याच्या वजनावरून गणित मांडले ते सपशेल फसले. त्या सुमारास शुद्ध सोने ग्रॅमला साधारण ३८ डॉलर होते. अठरा कॅरटचे ५० ग्रॅम सोने धरले तरी त्याची किंमत १,४२५ डॉलर होते. ९ मार्च २०१५ रोजी खरा आकडा बाहेर आला. तो होता १०,००० ते १७,००० डॉलर! नवल असे की, आतील यंत्र ३४९ डॉलरच्या घड्याळात होते तेच यातही होते. ३४९ डॉलरच्या घड्याळाचा निर्मितीखर्चही आयएचएसने सुमारे ८४ डॉलर, म्हणजे किमतीच्या चौथाईइतका काढला होता. दहा हजारांचे घड्याळ फार खपावे अशी कंपनीची अपेक्षाच नसावी, असे आम्हांस वाटते. त्याच्या शेजारी ३४९ डॉलरचे घड्याळ स्वस्त दिसू लागले, हा लाभ काही थोडाथोडका नव्हे. पुढे २०१८ साली त्या पहिल्या पिढीच्या घड्याळांना नवी कार्यप्रणाली मिळणे थांबले, सोन्याच्यालाही आणि ॲल्युमिनियमच्यालाही!

आमच्या आजोबांच्या पिढीने हे ऐकून डोक्याला हात लावला असता. सरकारी एचएमटी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे घड्याळे बनवण्यास आरंभ केला. आमच्यापैकी एकाच्या घरी त्या कारखान्याचे ‘जनता’ घड्याळ आहे. सकाळी किल्ली दिली की ते आजही चालते. ते बनवणारी घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय मात्र २०१६ सालीच झाला. किमतीचा विचार करताना वस्तू किती वर्षे टिकेल हेही पाहावे लागते. तीन हजारांचे घड्याळ दोन वर्षे चालले तर ते वर्षाला दीड हजाराला पडले.

प्रारंभीची किंमत फार काळ टिकत नाही, हेही इतिहास सांगतो. सेइको कंपनीचे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत ४,५०,००० येनला विक्रीस आले; तेवढ्यात त्या काळी टोयोटाची लहान मोटार मिळत असे. अमेरिकेत १९७२ साली ‘पल्सर’ हे आकडे दाखवणारे सोन्याचे घड्याळ २,१०० डॉलरना विकले जात होते. १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तसेच आकडे दाखवणारे साधे घड्याळ २० डॉलरना काढले, आणि पुढच्याच वर्षी ते १० डॉलरवर आले. आपल्याकडे २०१५ साली शाओमीचा पट्टा ९९९ रुपयांत आला, तर त्याच वर्षी ॲपलचे घड्याळ ३०,९०० रुपयांपासून मिळू लागले. मुंबईच्या गोकी कंपनीने आणखीच निराळी युक्ती काढली होती: २०१४ पासून ती पट्ट्याबरोबर आरोग्य-सल्लागाराचे मार्गदर्शनही विकू लागली. तेथे किंमत वस्तूची की सल्ल्याची, हे सांगणे कठीण.

आता आमच्या चिठ्ठ्यांकडे वळू. घड्याळ आले ते २,९९९ रुपयांना. आमच्या बहुतेक चिठ्ठ्या बाराशे ते अठराशेच्या दरम्यान होत्या. सर्वांत जवळचा आकडा ३,००० हा होता, आणि तो लिहिणाऱ्याने तांबे किंवा काच यांचा हिशेबच केला नव्हता. तो सुटीच्या दिवशी मामांच्या मोबाईलच्या दुकानात बसतो. त्याच कंपनीचे जुने घड्याळ २,४९९ ला आणि प्रतिस्पर्ध्याचे ३,४९९ ला त्याने तेथे पाहिले होते. नवे घड्याळ त्या दोहोंच्या मध्येच बसणार, एवढाच त्याचा तर्क!

मैत्रिणीच्या वडिलांनी दुकानात जाऊन खोका उलटून पाहिला. खालच्या बाजूस बारीक अक्षरांत छापले होते की, हे वैद्यकीय उपकरण नव्हे. ॲपलने २०१८ साली हृदयाचा आलेख काढण्याची सोय दिली तेव्हा आधी अमेरिकी औषध-प्रशासनाची संमती मिळवली होती. तशा चाचण्यांचा खर्च तीन हजारांच्या वस्तूत कोठून यावा? त्यांनी घड्याळ परत फळीवर ठेवले आणि पुढच्याच आठवड्यात आजींना गोंदियास नेऊन डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख काढवून घेतला. जाण्यायेण्याच्या भाड्यासह खर्च घड्याळाच्या निम्म्याहून कमी झाला. आता आजींची औषधे सुरू आहेत.

दोन महिन्यांनी तेच घड्याळ सवलतीत २,१९९ ला मिळू लागले. ज्याने चिठ्ठीवर २,२०० लिहिले होते, तो आता खरा विजेता आपणच असे सांगत फिरतो, आणि गुरुजींनी अद्याप निकाल दिलेला नाही.