कर्ज, कालवा आणि काटकसर : कृष्णा खोऱ्यातील सार्वजनिक ऋणाचा एक विचार

सार्वजनिक ऋणाची चर्चा निघाली की सामान्य व्यवहारातील म्हणींचा आधार घेतला जातो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, ही शिकवण प्रत्येक घरात दिली जाते आणि तीच राज्यकारभाराला लावावी असा आग्रह धरला जातो. उलटपक्षी, राज्य म्हणजे कुटुंब नव्हे, तेव्हा घरगुती शहाणपण राजस्वशास्त्रात निरुपयोगी होय, असे काही अभ्यासक म्हणतात. हे दोन्ही पक्ष अपुरे आहेत. ते का अपुरे आहेत, हे सातारा व सांगली या जिल्ह्यांतील पाटबंधाऱ्यांच्या इतिहासावरून चांगले समजून घेता येते.

या दोन जिल्ह्यांचा भूगोल विषम आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यातील माण आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत या तालुक्यांत तो सुमारे पाचशे मिलिमीटर वा त्याहूनही कमी पडतो. कृष्णेचे पाणी या अवर्षणग्रस्त पठारावर न्यावयाचे तर ते उचलूनच न्यावे लागते. या हेतूने सांगली जिल्ह्यात ताकारी व म्हैसाळ या दोन उपसा योजना मिळून कृष्णा-कोयना प्रकल्प आखण्यात आला आणि पुढे कऱ्हाडजवळ टेंभू योजना हाती घेण्यात आली.

या कामांना घाईचे स्वरूप आले ते पाणीवाटपाच्या निवाड्यामुळे. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले; मात्र ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असेही नमूद केले. तोपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडविले व वापरले नाही, तर फेरविचारात आपला पक्ष लंगडा पडेल, अशी भीती महाराष्ट्रात निर्माण झाली. नित्याच्या अंदाजपत्रकातून एवढी कामे मुदतीत होणे शक्य नव्हते. म्हणून १९९६ मध्ये स्वतंत्र कायद्याने महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. महामंडळाने कर्जरोखे काढावेत आणि त्यांच्या फेडीस राज्य शासनाने हमी द्यावी, अशी ही योजना होती.

येथे पहिला प्रश्न उपस्थित होतो : असे कर्ज काढणे मुळातच अविवेकाचे होते काय? तसे म्हणता येणार नाही. कुटुंबातील कर्ता पुरुष एका आयुष्याचा हिशेब करतो. राज्यसंस्थेचे आयुष्य पिढ्यानुपिढ्यांचे असते. आज बांधलेल्या कालव्याचा लाभ पुढील पन्नास वर्षांतील शेतकऱ्यांना मिळावयाचा असेल, तर त्याचा सर्व भार आजच्याच करदात्यावर टाकणे न्याय्य नव्हे. कर्ज हे हा भार काळावर वाटून देण्याचे साधन होय. तेव्हा उत्पादक कामासाठी घेतलेले कर्ज आणि सणासाठी काढलेले ऋण यांत भेद केलाच पाहिजे.

परंतु हे समर्थन एका अटीवर उभे आहे. काम वेळेत पुरे झाले पाहिजे. कर्जावरील व्याज रोखा विकल्याच्या दिवसापासून धावू लागते. पाणी मात्र कालव्याचे शेवटचे काम पुरे झाल्यावरच वाहू लागते. या दोन क्षणांमधील अंतर हाच सार्वजनिक कर्जाचा खरा धोका होय. केवळ उदाहरणादाखल, १०० रुपयांचे कर्ज दरसाल १५ टक्के चक्रवाढ व्याजाने घेतले असे समजू. ते ५ वर्षांत सुमारे २०१ रुपये, १० वर्षांत ४०५ रुपये आणि १५ वर्षांत ८१४ रुपये होते. एकाच बांधकामाचा बोजा केवळ विलंबाने आठपट होतो, आणि त्यात एका विटेचीही भर पडलेली नसते.

विलंब का होतो, याचे उत्तरही बव्हंशी अंकगणितात आहे. प्रत्येकी १०० कोटी खर्चाची दहा कामे आहेत आणि दरवर्षी १०० कोटीच उपलब्ध होतात, असे मानू. एकामागून एक कामे केली, तर पहिले काम वर्षअखेरीस पुरे होऊन पुढील नऊ वर्षे फळ देते, दुसरे आठ वर्षे, तिसरे सात. अशा रीतीने दहा वर्षांत एकंदर ४५ वर्षांचे फळ पदरात पडते. तोच पैसा दहाही कामांवर दरवर्षी सारखा वाटला, तर दहाव्या वर्षाच्या अखेरपर्यंत एकही काम पुरे होत नाही आणि फळ शून्य राहते. दोन्ही प्रकारांत खर्च तेवढाच आहे. फरक केवळ क्रमाचा आहे.

कृष्णा खोऱ्यात दुसरा मार्ग पत्करला गेला. अनेक कामे एकाच वेळी सुरू झाली, प्रत्येक भागाला भूमिपूजनाचे समाधान मिळाले आणि निधी पातळ होत गेला. २००० सालची मुदत उलटून गेली, तरी आटपाडी व जतच्या शिवारांत पाणी पोहोचावयास आणखी अनेक वर्षे लागली. कृष्णा-कोयना उपसा प्रकल्पाचा १९८४ मधील मूळ अंदाज सुमारे ८२ कोटी रुपयांचा होता. २०१७ च्या सुमारास तो सुमारे ४,९६० कोटींवर, म्हणजे जवळजवळ साठपट, गेला. ही सर्व वाढ उधळपट्टीची नव्हे. भाववाढ, भूसंपादनाचे वाढते मोल आणि योजनेचा विस्तार यांचा तीत मोठा वाटा आहे. परंतु ही कारणेही काम जितके लांबते तितकीच बळावतात, हे विसरता येत नाही.

दुसरा प्रश्न कर्जाच्या दृश्यतेचा आहे. महामंडळाचे रोखे राज्याच्या अंदाजपत्रकात शासनाचे कर्ज म्हणून दिसत नव्हते. दिसत होती ती केवळ हमी. संविधानाच्या २९३ व्या अनुच्छेदान्वये राज्यास कर्ज काढण्याचा तसाच हमी देण्याचाही अधिकार आहे. परंतु ज्या संस्थेस पाणीपट्टीतून व्याजापुरतेही उत्पन्न नाही, तिला दिलेली हमी हे नावापुरतेच वेगळे असलेले कर्ज होय. दुसऱ्याच्या नावे काढलेली उधारी आपल्या वहीत न लिहिणारा दुकानदार स्वतःचीच फसवणूक करतो. हे घरगुती शहाणपण मात्र राज्याला तंतोतंत लागू पडते. महाराष्ट्राने २००५ मध्ये राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला आणि २०२२ मध्ये केंद्राने राज्यांच्या महामंडळांची अशी अंदाजपत्रकाबाहेरील कर्जे राज्याच्याच कर्जमर्यादेत धरण्याचे ठरविले. त्यामागील तत्त्व हेच आहे.

तिसरा प्रश्न बांधकामानंतरच्या खर्चाचा. कऱ्हाडजवळच खोडशी येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा उताराने वाहतो. पाणी पुढे नेण्यास त्याला इंधन लागत नाही. टेंभूचे पाणी मात्र टप्प्याटप्प्याने विजेच्या पंपांनी चढवावे लागते. येथे भांडवली खर्च संपला की चालू खर्च सुरू होतो. वीजबिले थकल्यामुळे पंप बंद पडल्याचे प्रसंग या योजनांवर येऊन गेले. पुढे विजेच्या खर्चाचा ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के लाभधारकांनी सोसावा असे सूत्र ठरले. दुष्काळी भागाला हा आधार देणे समर्थनीय असेलही. तथापि हा भार योजना आखताना मोजला गेला पाहिजे.

पाणी आले तेथे त्याने परिवर्तन घडविले, हेही तितकेच खरे. तासगावची द्राक्षे व आटपाडीची डाळिंबे यांना या पाण्याने आधार दिला. म्हणूनच, योजना करावयासच नको होत्या, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ज्या कुटुंबांनी या विलंबाच्या वर्षांत चारा छावण्या व टँकर यांवर दिवस काढले, त्यांनीच या अव्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत मोजली. ती कोणत्याही जमाखर्चात आढळत नाही.

येणेप्रमाणे काटकसर म्हणजे कमी खर्च करणे नव्हे. घेतलेले काम पुरे केल्यावाचून दुसऱ्यास हात न घालणे, काढलेले प्रत्येक कर्ज विधिमंडळासमोर उघडपणे मांडणे आणि वास्तू उभी राहिल्यावर तिच्या पोषणाला काय लागेल याचा हिशेब पायाभरणीपूर्वी करणे, या तीन नियमांत ती सामावलेली आहे. अर्धवट कालवा हा सरकारी खर्चातील सर्वांत महाग पदार्थ होय, कारण त्याचे व्याज भरावे लागते आणि त्यातून पाणी मिळत नाही.