चिनी राजदरबारातला परका भिक्षू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चीनमधल्या बौद्ध धर्माचा विषय निघाला की आपल्याला बोधिधर्म आठवतो, नाहीतर ह्युएन-त्संग. उत्तर चीनच्या राजसत्तेला संघाच्या पाठीशी उभं करणारा फोथुतंग मात्र सहसा आठवत नाही.

गैरसमज: चीनला बौद्ध धर्म बोधिधर्माने दिला.
वस्तुस्थिती: बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला. इ.स. ६५ मध्येच एक हान राजपुत्र बुद्धाची पूजा करत असल्याची नोंद आहे. १४८ च्या सुमारास पार्थियन भिक्षू आन शिगाओ लोयांगला आला आणि त्याने ग्रंथांची भाषांतरं केली. फोथुतंग तिथे पोचला ३१० मध्ये.

गैरसमज: धर्म नेणारे सगळे भिक्षू भारतातलेच.
वस्तुस्थिती: सुरुवातीचे अनेकजण मध्य आशियातले होते. फोथुतंग कूचाचा, म्हणजे आजच्या शिनजियांगमधल्या, व्यापारी मार्गावरच्या एका छोट्या राज्याचा.

गैरसमज: राजे ग्रंथ वाचून बौद्ध झाले.
वस्तुस्थिती: फोथुतंगच्या नावावर एकही भाषांतर नाही. लोयांगमध्ये विहार बांधायचा त्याचा बेत होता, पण ३११ मध्ये शत्रूच्या फौजांनी शहर लुटलं. मग एका सेनानीच्या ओळखीने तो शी ल याच्यापर्यंत पोचला. जिए या बिगर-चिनी जमातीचा, पुढे उत्तर चीनमध्ये राजा झालेला हा सरदार तरुणपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, निरक्षर. फोथुतंगचं सहाव्या शतकातलं चरित्र सांगतं की शी लसमोर त्याने पाण्याच्या पात्रात कमळ फुलवलं. चमत्कार बाजूला ठेवले तरी लढायांची भाकितं आणि आजारांवरचे उपचार यांतून त्याचं वजन वाढलं, हे त्या चरित्रावरून दिसतं. त्या बळावर तो राजाकडे निरपराधांचे प्राण मागत राहिला.

गैरसमज: धर्म स्वीकारल्यावर राजे अशोकासारखे बदलले.
वस्तुस्थिती: शी लनंतर सत्ता बळकावणारा शी हू शेवटपर्यंत क्रूरच राहिला, स्वतःच्या मुलांनाही त्याने ठार मारलं. फोथुतंगनेही त्याच्याकडून संपूर्ण अहिंसेची अपेक्षा धरली नाही. गुन्हेगाराला शिक्षा करावी लागेल, पण निर्दोषाला मारू नका, एवढाच त्याचा आग्रह.

गैरसमज: परका धर्म म्हणून दरबाराने तो नाकारला.
वस्तुस्थिती: वांग दू या अधिकाऱ्याने तसा अर्ज केला होता: बुद्ध परका देव, चिनी माणसांनी त्याला भजू नये. शी हूने तोच मुद्दा उलटवला. आपण स्वतःही सीमेवरचे, तेव्हा आपल्याला हाच देव योग्य, असं म्हणत त्याने प्रजेला भिक्षू होण्याची मुभा दिली. फोथुतंगच्या काळात ८९३ विहार उभे राहिले, असा आकडा चरित्रकार देतो.

गैरसमज: राजाश्रय गेला की धर्मही गेला.
वस्तुस्थिती: ३४८ मध्ये फोथुतंग वारला, ३५१ मध्ये शी घराण्याचं राज्य बुडालं. पण त्याचा चिनी शिष्य दाओ-आन याने पुढे संघाला शिस्त लावली, ग्रंथांची सूची केली आणि कूचाच्याच कुमारजीवाला बोलवावं असा आग्रह धरला. कुमारजीव ४०१ मध्ये छांगआनला आला आणि तिथल्या राजाच्या आश्रयाने त्याने केलेली भाषांतरं चीनमध्ये आजही वाचली जातात.