बूट का चावतो?

नवा बूट चावू लागला की घरातले कोणी तरी हमखास सांगते, 'चार दिवस वापर, सैल होईल.' चामडे थोडेफार सैलावते, हे खरे. पण बुटाचा आकारच चुकीचा असेल, तर बुटाऐवजी हळूहळू पायच बदलू लागतो. एकोणिसाव्या शतकात युरोप आणि अमेरिकेतील डॉक्टरांना हे वारंवार पाहायला मिळाले.

बूट पायावर नव्हे, तर कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर घडतो. त्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक बूट डाव्या-उजव्याचा भेद न करता एकाच सरळ साच्यावर बनत. पुढे डावा-उजवा वेगळा झाला, तरी टोक मधोमध ठेवण्याची हौस टिकून राहिली. १८९० च्या दशकात तर निमुळत्या, अणकुचीदार टोकाच्या बुटांची फॅशन होती. स्त्रियांच्या बुटांना उंच टाच आणि बाजूला बटणांची रांग असे. ती बटणे लावायला लहानसा आकडा लागे.

झुरिच येथील शरीररचनाशास्त्रज्ञ हर्मान फॉन मायर यांनी १८५० च्या दशकातच याला हरकत घेतली होती. निरोगी पायात अंगठ्याच्या मध्यातून मागे ओढलेली रेषा टाचेच्या मध्यातून जाते, म्हणून बुटाचा तळही त्याच रेषेवर बेतावा, असे त्यांचे म्हणणे होते. टोक मधोमध आले की अंगठा इतर बोटांकडे ढकलला जातो. त्याच्या मुळाशी असलेला सांधा बाहेर येतो, घासतो, सुजतो. या विकृतीला 'हॅलक्स व्हॅल्गस' हे नाव जर्मन शल्यचिकित्सक कार्ल ह्यूटर यांनी १८७० च्या सुमारास दिले. यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. मात्र अरुंद बूट त्रास वाढवतो. उंच टाच शरीराचा भार पुढच्या भागावर टाकते आणि बोटे त्या निमुळत्या टोकात आणखी दाबली जातात.

दरम्यान कारागिरीही बदलत होती. कलबुतावर चामडे ताणून, तळाशी दुमडून खिळ्यांनी पक्के करणे हे सर्वांत कसबाचे काम. कुशल कारागीर दिवसभरात सुमारे ५० जोड करी. सुरीनाममध्ये जन्मलेले यान मॅट्झेलिगर अमेरिकेतील लिन शहरात बुटांच्या कारखान्यात काम करत होते. त्यांनी हे काम करणारे यंत्र घडवले आणि २० मार्च १८८३ रोजी त्याचे पेटंट मिळवले. हे यंत्र दिवसाला १५० ते ७०० जोड तयार करू शके. बूट स्वस्त झाले, सामान्यांच्या पायात आले. मॅट्झेलिगर मात्र १८८९ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी क्षयाने गेले.

हाताने बूट करणारा चांगला कारागीर गिऱ्हाइकाचा पाय मापून त्यातली खोड सांभाळून घेई. कारखान्यात ती सोय उरली नाही. साचा चुकला की हजारो जोड चुकणार! म्हणूनच बूट पायाला बसतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आली. ती आजही त्याच्यावरच आहे.

तपासणी सोपी आहे. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात, तेव्हा कागदावर उभे राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा. त्यावर बूट ठेवा. रेषा बाहेर डोकावत असेल, तर तो बूट तुमचा नव्हे. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. हे बोट अंगठाच असेल असे नाही. माप मोठ्या पायाचे घ्यावे.

मधुमेहींनी अधिक जपावे. पायाची संवेदना कमी झाली असेल, तर बूट चावतो तेही कळत नाही आणि साध्या घासण्यातून जखम होते. त्यांनी बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा आणि रात्री तळवे तपासावेत. चावणारा बूट निदान इशारा तरी देतो. तो ऐकू येईनासा होणे हाच खरा धोका.