जिल एलिस : बाकावरून खुर्चीवर

महिला फुटबॉलचा विश्वचषक दोनदा जिंकणाऱ्या जिल एलिस या आजवरच्या एकमेव प्रशिक्षक. पुरुषांतही हा मान फक्त इटलीच्या व्हित्तोरिओ पोत्सो यांचा, तोही 1934 आणि 1938चा. 2021 मध्ये एलिस सॅन दिएगो वेव्ह या नव्या अमेरिकी क्लबच्या अध्यक्ष झाल्या. याला कारकिर्दीचा दुसरा डाव म्हणायचा मोह होतो, पण तो मला पटत नाही. बाकावर बसत होत्या तेव्हाही एलिस मुळात कारभारीच होत्या. इंग्लंडमधलं बालपण, 1981 मध्ये कुटुंबासह व्हर्जिनियाला स्थलांतर, तांत्रिक लेखनाची नोकरी सोडून धरलेलं प्रशिक्षण, यूसीएलए विद्यापीठातली बारा वर्षं, 2008 आणि 2012 च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या अमेरिकी संघांत पिया सुंडहागे यांचं सहायकपद, मग त्याच संघाचं प्रशिक्षकपद : पूर्वपीठिका एवढी पुरे.

खरी गंमत 2015 च्या विजेतेपदात नाही, त्यानंतरच्या पराभवात आहे. रिओ ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत अमेरिका पेनल्टींवर हरली, आणि हरवलं ते सुंडहागे यांच्याच स्वीडनने. बचावाची भिंत उभी करून बसलेला संघ फोडायचा कसा, याचं उत्तर अमेरिकेकडे नव्हतं. जगज्जेत्या संघाच्या प्रशिक्षकाने अशा वेळी चार जुन्या खेळाडूंवर भिस्त ठेवली असती तर कुणी नावं ठेवली नसती. एलिस यांनी नव्या मुली आजमावल्या, तिघींची बचावफळी करून पाहिली, आणि 2017 मध्ये घरच्या शीबिलीव्ह्ज स्पर्धेत, फ्रान्सकडून 0-3 असा मार खाऊन, चार संघांत शेवटचा क्रमांक पत्करला. याच घुसळणीतून क्रिस्टल डन डाव्या बगलेच्या बचावात आली. डन म्हणजे 2015 मध्ये अमेरिकी लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी आघाडीची खेळाडू! क्लबसाठी ती पुढेच खेळत राहिली. पण 2019 च्या विश्वचषकात पॅरिसमध्ये फ्रान्सच्या वेगवान कादिदियातू दियानीला थोपवायचं काम तिच्याकडे होतं, आणि तिने ते चोख केलं. अमेरिका 2-1 ने जिंकली. डनच्या हौसेचा यात बळी गेला, हे खरं. पण कुणाला काय आवडतं यापेक्षा दोन वर्षांनी कुठे भोक पडणार हे आधी बघणं, हीच तर कारभाऱ्याची नजर.

यावर ठरलेला आक्षेप असा, की अमेरिकेचा तो संघ कुणाच्याही हाती दिला असता तरी जिंकला असता. पण तेवढीच गुणवत्ता असताना 1999 नंतर 2015 पर्यंत अमेरिकेला विश्वचषक मिळाला नव्हता, आणि 2023 मध्ये तर हा संघ शेवटच्या सोळा संघांच्या फेरीतच गारद झाला. शिवाय सॅन दिएगोत आयती गुणवत्ता नव्हतीच. सगळी पाटी कोरी. एलिस यांच्या कारकिर्दीत तिथे इंग्लंडच्या माजी कर्णधार केसी स्टोनी प्रशिक्षक म्हणून आल्या, स्ट्रायकर अॅलेक्स मॉर्गन आली, आणि 2022 च्या नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच निवडीत बचावपटू नेओमी गिर्मा. पहिल्याच हंगामात संघ बाद फेरीत गेला, नव्या स्नॅपड्रॅगन स्टेडियममधल्या पहिल्या सामन्याला 32,000 प्रेक्षक आले, आणि 2023 मध्ये साखळीत अव्वल ठरल्याबद्दलची शील्ड आली. गिर्माला पुढे चेल्सीने दहा लाख डॉलरहून जास्त मोजून नेलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2024 च्या जूनमध्ये स्टोनी यांना काढलं, आणि जुलैत काही माजी कर्मचाऱ्यांनी क्लबमधल्या कामाच्या वातावरणाबद्दल जाहीर तक्रारी केल्या. एलिस आणि क्लब, दोघांनीही त्या फेटाळल्या. त्यांचा निवाडा इथे करायचा नाही. पण माणसं हलवण्याची हातोटी कार्यालयात जशीच्या तशी चालत नाही, हे मान्य करायला हवं. संघातून वगळलेली खेळाडू पुढच्या शिबिराची वाट बघते. कार्यालयातला माणूस नोकरी सोडतो आणि बोलतो. तेवढ्याने माझा मुद्दा बाद होत नाही, त्याची हद्द मात्र कळते. डिसेंबर 2024 मध्ये फिफाने एलिस यांना मुख्य फुटबॉल अधिकारी नेमलं, ते हे सगळं उघड्यावर आल्यानंतरच.